एक रिंग, मग बंद

संदेश, चार वाजता मनीषा ड्यूटीवरून येईल. आत्ता पावणेदोन झालेत. ईशान शाळेतून आला, वरणभात खाऊन झोपला. सई साडेपाचशिवाय यायची नाही. म्हणजे माझ्या हातात दोन तास आहेत. तेवढ्यात मला तुझ्याशी बोलून घ्यायचंय, आणि कागदावर बोलायचंय, कारण तोंडानं चार वर्षांत जमलेलं नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी परवा आले होते. म्हणाले, "मावशी, तुम्ही लिहिता, आपल्या अंकासाठी जावयावर, संदेशवर, दोन पानं द्या. चांगल्या आठवणी हं." सातवी शिकलेल्या बाईला कुणी लिही म्हटलं की ती आधी हो म्हणते आणि मग घाबरते, तसं माझं झालं. चांगल्या आठवणी काही कमी नाहीत रे. पण लिहायला बसले आणि एकच आठवण रस्त्यात आडवी पडली. ती बाजूला काढल्याशिवाय मागची वाहतूक सुटायची नाही.

तर आधी तीच लिहिते. कसारा घाटात तुझा ट्रक गटारात गेला तो तुझ्या चुकीनं नाही. माझ्या चुकीनं गेला. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. मनीषाला नाही. आज चार वाजता हा कागद मी तिच्या हातात देणार आहे. मग ती मला या घरात ठेवते की कांदिवलीच्या माझ्या खोलीत परत पाठवते, ते तिचं ती ठरवेल.

आजच का, असं विचारशील. सांगते. तुझ्या तेराव्याला चेक नाक्यावरचे तुझे सात-आठ ड्रायव्हर मित्र आले होते. एवढे दांडगे गडी, आपल्या हॉलमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. जाधवभाऊ रडता रडता म्हणाले, "आमचा बाटलीफोड गेला हो मावशी." बाकीचे रडता रडताच हसले. प्रेमानंच म्हणाले ते, मला कळतं. पण मग मनीषा डोळे पुसत बोलली, "सोन्यासारखा माणूस होता. आयुष्यात एकदाच चुकला. त्या दिवशी घाटात लक्ष नव्हतं त्याचं."

सई तिच्या मांडीला टेकून बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घालत होते तर विचारते, "आजी, पप्पांचं गाडी चालवताना लक्ष नसायचं का?"

"कोण म्हणतं?"

"मम्मीच म्हणाली ना काल."

मी वेणी इतकी घट्ट घातली की पोरगी ओरडली.

आता पहिल्यापासून सांगते. तुला नाही, तुला सगळं ठाऊक आहे. हे जे वाचतील त्यांना.

तुझं नि मनीषाचं ठरलं तेव्हा तू अंधेरीला एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतास. मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, पण सांगायला काय झकास वाटायचा! मशिनांची चित्रं काढायचास. नखं स्वच्छ, खिशाला पेन. मी कांदिवलीभर सांगत सुटले, आमचे जावई ड्राफ्ट्समन. तुला मी अहो-जाहो करायचे. आमच्यात जावयाशी तसंच बोलतात, मग तो पोरगेलासा का असेना.

मग ते ऑफिस बंद झालं. चित्रं म्हणे आता बाहेरगावीच कॉम्प्युटरवर निघणार. सई दोन वर्षांची, मनीषाला ईशानच्या वेळचा सातवा महिना. तू आठ महिने वणवण केलीस. मी भेटायला आले की तू दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला असायचास, जसा काही आत्ता निघणार आहेस. ते बघवायचं नाही. आणि एका रविवारी पोहे खाता खाता म्हणालास, "आई, मी हेवी लायसन्स काढतोय."

"कशाला?"

"ट्रक चालवायला."

मला थट्टा वाटली. "चित्रं काढणारा माणूस ट्रक चालवणार होय?"

"मी काढलेली मशीनं काय उडत जायची का आई? ट्रकनंच जायची. मी साइटवर बरोबर जायचो. मला तेव्हापासून कॅबिनमध्ये बसायला आवडतं."

मनीषाकडे बघितलं तर ती खाली मान घालून लिंबू पिळत होती. म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालं होतं. तिची घाटकोपरच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी, पाळ्या बदलत्या. तू चार-चार दिवस बाहेर राहणार, तर पोरं कोणी बघायची? तू सरळ म्हणालास, "तुम्ही मुलुंडला राहायला आलात तरच हे होईल. नाहीतर नाही."

मी आले. पण येतानाच सुनावलं, "पोरांसाठी येतेय. तुमच्या ट्रकसाठी नाही."

तू म्हणालास, "चालेल. पोरं तर ट्रकपेक्षा जड आहेत."

तुझं ते हसणं मला तेव्हा बिलकुल आवडलं नव्हतं.

पहिल्या फेरीच्या आधी तू मला स्वयंपाकघरात बसवून दोन नियम सांगितलेस. पहिला, जिथे जिथे थांबशील तिथून एक रिंग द्यायची आणि कापायची. एक रिंग म्हणजे गाडी उभी आहे, हँडब्रेक लावलाय, मी ठीक आहे. उलटा फोन करायचा नाही. दुसरा नियम, गाडी चालू असताना तू कुणाचाच फोन घेणार नाहीस. शेठचा नाही, मनीषाचासुद्धा नाही. "फक्त तुमचा घेईन. कारण पोरं तुमच्यापाशी. तुमचा फोन आला म्हणजे पोरांना काहीतरी झालंय असं मी धरणार. म्हणून उगाच करायचा नाही. कळलं ना आई?"

कळलं म्हटलं. न कळायला काय झालं?

आणि खरंच सांगते, दोन वर्षं मी तो नियम पाळला. तुझी एक रिंग आली की कुकर लावता लावता मनातल्या मनात म्हणायचे, चला, पोचला. दोन रिंगांमध्ये फार वेळ गेला की भाजी करपायची. राग होताच, पण काळजी रागाला विचारून येते का?

राग बाहेरच्यांमुळे वाढत गेला. कुणी विचारलं, जावई काय करतात, की मी म्हणायचे, ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये आहेत. मग ट्रान्सपोर्ट लाइनचा मी मॅनेजर केला. मॅनेजर तूच झालास, तुला विचारलंही नाही.

त्या दिवशी माझ्या बहिणीच्या मुलाचा साखरपुडा होता बोरिवलीला. मनीषाची ड्यूटी, तू नाशिकहून काचेच्या बाटल्या भरून निघालेला. मी सईला हाताला धरून आणि ईशानला कडेवर घेऊन गेले. नव्या विहीणबाईंनी विचारलं, "तुमचे जावई काय करतात?" मी म्हटलं, "ट्रान्सपोर्ट कंपनीत मॅनेजर."

आणि सई, पाच वर्षांची, हातातली जिलबी उंच धरून म्हणते, "नाही काही! माझे पप्पा ट्रक चालवतात. मोठ्ठा! दहा चाकांचा!"

सगळे हसले. विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, मॅनेजर स्वतःच चालवतात वाटतं." माझ्या बहिणीनं मान फिरवली. माझ्या कानशिलांना आग लागली. खोटं मी बोलले होते, पोरगी खरं बोलली होती आणि राग मला तुझा आला. मी ईशानला घेऊन हॉलच्या बाहेर जिन्यापाशी गेले आणि तुला फोन लावला. सव्वाबारा वाजले होते. दुसऱ्या रिंगला उचललास. मागे इंजिनाची घरघर.

"आई? घाटात आहे. पोरं बरी आहेत ना?"

तेवढंच विचारलंस. मी तेव्हाच फोन ठेवायला हवा होता. 'बरी आहेत' म्हणून ठेवायला किती वेळ लागतो?

मी म्हटलं, "पोरांना काय धाड भरलीय! अब्रू गेली माझी चारचौघांत. मी माझी मुलगी ट्रक ड्रायव्हरला दिली नव्हती. तू फसवलंस आम्हाला, तू!"

गिअरचा खडखडाट ऐकू आला, मग हॉर्न, लांबलचक. मग असा आवाज की कुणीतरी भांड्यांची आख्खी मांडणी ओढून खाली पाडली. आणि फोन बंद.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. आत सनई लावली होती टेपवर. नियम असा की उलटा फोन करायचा नाही. आता आठवला नियम! करू की नको? समजा तो उचलायच्या धडपडीत असला तर? ईशान रडायला लागला, त्याला मांडीवर थोपटत राहिले. बहीण दोनदा येऊन गेली, "अगं पंगत बसली." मी म्हटलं, "घशाशी आलंय जरा." मी आयुष्यात देवाला फार काही मागितलेलं नाही, रे. त्या पायरीवर मी एक रिंग मागत होते. बोलणं नको, आवाज नको, एक रिंग.

एक वाजून चाळीस मिनिटांनी आली. एकच. आणि कापली गेली.

उतारावर फोन कानाला असताना तुझा हात गिअरवरून सुटला आणि गाडी न्यूट्रलला धावायला लागली, ब्रेक तापून बसेनासे झाले, हे मला नंतर कळलं. पुढे एक शाळेची व्हॅन होती म्हणे. तू दरीकडे न जाता डोंगराच्या अंगाला गाडी घासत नेलीस आणि गटारात घालून थांबवलीस. तुझ्या कपाळाला चार टाके. बाकी कुणाला ओरखडाही नाही. बाटल्या तेवढ्या सगळ्या फुटल्या.

तू घरी आलास आणि मी वाट बघत बसले, आता सांगेल, आता सांगेल. तू म्हणालास, "गिअर चुकला. चूक माझी." शेठला तेच सांगितलंस, पोलिसांना तेच, मनीषालाही तेच. शेठनं कामावरून काढलं. नाक्यावर नाव पडलं बाटलीफोड. ड्रॉइंग बोर्डावरचा ड्रायव्हर म्हणून ते आधीच चिडवायचे, आता तर त्यांना आयतंच मिळालं. पाच महिने तू घरी होतास. आणि मनीषा तुला काय काय बोलली रे! "दोन पोरं आहेत तुला. घाटात लक्ष कुठे असतं तुझं? मोबाइल बघत होतास ना? खरं सांग." तू ताटातला भात चिवडत म्हणायचास, "नव्हतो बघत." आणि ते खरंच होतं. मी तिथेच ओट्यापाशी वरण घोटत असायचे. वरणाचं पाणी झालं तरी घोटत असायचे.

एकदा दुपारी आपण दोघंच होतो. मी म्हटलं, "मी सांगते तिला." तू शेंगा सोलत होतास. मान वर न करता म्हणालास, "नको. तिला कळलं तर ती तुम्हाला घरात ठेवणार नाही. तुम्ही गेलात तर पोरं कोण बघणार? आणि मी परत गाडीवर कसा जाणार?" वर म्हणालास, "तुमच्यासाठी गप्प नाही बसलो हं आई. माझ्यासाठी बसलोय."

मी विचारलं, "खरंच?"

"तुम्हाला काय वाटतं?"

हे भांडण तेवढ्यावरच राहिलं, संदेश. मला अजून माहीत नाही, तू माझी लाज झाकलीस की तुझी सोय बघितलीस. कधी वाटतं सोय. मग वाटतं, नुसती सोय असती तर कधीतरी भांडणात तोंडातून निघालंच असतं. तुझ्या तोंडून एकदाही निघालं नाही.

उठताना मात्र एक बोललास, "त्या दिवशी फोनवर तुम्ही मला 'तू' म्हणालात. पहिल्यांदाच."

"रागात गेलं हो तोंडातून."

"राहू द्या. तेवढं एक बरं झालं त्या दिवशी."

तेव्हापासून तू मला 'तू' झालास.

दुसरा शेठ मिळाला, तू पुन्हा गाडीवर गेलास. आता माझाही फोन घ्यायचा नाही, असा मीच नियम केला. पोरांना काही झालं तर मी मनीषाला कळवीन, शेजारी धावतील, तू गाडी थांबवल्यावर बघ. तू हसून म्हणालास, "आता शिकलात." मला ते चपराकीसारखं लागलं आणि बरंही वाटलं.

गेल्या वर्षी मला एकदा गाडीत बसवून भिवंडीला नेलंस, आठवतं? कॅबिनमध्ये चढायला घरचं स्टूल नेलं होतं. सगळा नाका बघत होता आणि जाधवभाऊ ओरडले, "बाटलीफोड, सासू सांभाळून ने, फुटेल!" मी वरूनच म्हटलं, "माझं काचसामान नाही हो, पितळ आहे." तू स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसलास.

वरून रस्ता किती वेगळा दिसतो! खालच्या गाड्या वेड्यासारख्या आडव्या घुसत होत्या, मी प्रत्येक वेळी पाय दाबत होते, जसा काही माझ्याकडेच ब्रेक आहे. तू शांत. भिवंडीच्या गोदामापाशी तू ती वही काढलीस. प्रत्येक गोदामाच्या फाटकाचं पेन्सिलनं काढलेलं चित्र होतं त्यात. डावीकडे विजेचा खांब, उजवीकडे चहाची टपरी, मागे घेताना चाक कुठे वळवायचं त्याची तुटक रेघ. तीच तुझी अंधेरीची स्वच्छ रेघ. एवढं धूड तू एका झटक्यात मागे लावलंस, खांबाला हातभर अंतर ठेवून. खालचा हमाल म्हणाला, "क्या बात है."

मला तेव्हा म्हणायचं होतं, किती छान चालवतोस रे. मला म्हणायचं होतं, मी मुलगी चांगल्या घरी दिली. आणि त्या साखरपुड्याच्या दिवसाबद्दल मला माफ कर, असंही म्हणायचं होतं. मी काय म्हटलं? "सीट फार टणक आहे."

तू म्हणालास, "पुढच्या वेळी उशी आणू."

सहा वर्षं मी रस्त्याला घाबरत काढली. धुकं, उतार, झोप, दारू प्यालेले दुसरे ड्रायव्हर, सगळ्याला घाबरले. रस्त्यानं तुला काही केलं नाही. रविवारी सकाळी बाजारातून बांगडे आणलेस, ओट्यावर पिशवी ठेवलीस, "आई, छातीत कसंतरी होतंय" म्हणालास आणि फ्रिजला टेकून खाली बसलास. मी आरडाओरडा केला, शेजारचे धावले, मनीषानं नर्स म्हणून जे जे येत होतं ते सगळं केलं. बांगडे संध्याकाळपर्यंत सिंकमध्ये तसेच.

त्रेचाळीस हे काय वय आहे? जाऊ दे. पावणेचार झाले. लिफ्ट वाजली की मी दाराकडे बघतेय. संदेश, तू तुझी बाजू कधीच मांडली नाहीस, म्हणून आज मी मांडली. मनीषा, बाळा, आता तू वाच.

पुढचं तीन दिवसांनी लिहितेय.

ती चारला आली. खांद्यावरची पर्सही न काढता ओट्यापाशी उभी राहून वाचलं तिनं. वाचलेलं पान पालथं ठेवत होती, एकावर एक. सगळं झाल्यावर विचारलं, "किती वाजता केला होतास फोन?"

"लिहिलंय ना. सव्वाबारा."

"आणि त्यानं पोरांचं विचारलं."

"हो."

तिनं पालथी पानं उचलून एकसारखी केली. मग म्हणाली, "पाच महिने, आई. मी त्याला पाच महिने टोचत होते आणि तू वरण घोटत होतीस."

मी कपाटावरची माझी बॅग काढली. तिनं ती बघितली, आत जाऊन दार लावलं. तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. "दूध उतू जातंय." "ईशानचा डबा." बॅग दाराशीच होती. तिनं ती आत ठेवली नाही आणि मला जा म्हणूनही सांगितलं नाही.

आज पहाटे निघताना चपला घालता घालता बोलली, "तो कागद सेक्रेटरींना दे. आहे तसा. एक शब्द बदलायचा नाही."

"सगळे वाचतील गं."

"वाचू देत. त्याला बाटलीफोड म्हटलं तेव्हा सगळेच होते ना? आणि नाक्यावर जाधवभाऊंना तू जाऊन वाचून दाखव. मी नाही. तू."

"जाईन."

"सईलाही तूच सांग." दार ओढून घेतलं आणि पुन्हा उघडलं. "ती बॅग वाटेत येतेय. ईशान अडखळेल."

सईला उठवलं, वेणी घालायला बसवलं. म्हटलं, "त्या दिवशी तू विचारलंस ना, गाडी चालवताना पप्पांचं लक्ष नसायचं का? घाटात ते तुमच्याकडे होतं. आजीचा फोन आला, म्हणजे माझ्या पोरांना काही झालं असेल, म्हणून त्यांनी तो घेतला. फोन मी उगाचच केला होता. लक्ष माझं नव्हतं."

ती वेणीचं रबर बोटावर फिरवत राहिली. मग म्हणाली, "तू सॉरी म्हणालीस पप्पांना?"

"नाही."

"मग आता?"

"आता सगळ्यांना सांगतेय."

तिनं डोकं सरळ केलं, मी पुढचा पेड घेतला. सात वाजून पाच मिनिटांनी मोबाइल वाजला. स्क्रीनवर मनीषाचं नाव. घाटकोपरला पोचायची तिची वेळ. तिनं इतक्या वर्षांत पोचल्याचा फोन कधी केलेला नाही, तिला लागतच नसे तसलं काही.

एक रिंग. बंद.

माझा अंगठा उलटा फोन लावायला गेला होता, संदेश. मी तो मागे घेतला.